रेसकोर्सवर धावलेली गाडी

बडोद्यातल्या मराठी घरात पाच मिनिटं बसलं की राजवाडा निघतोच. कुणाचे पणजोबा सयाजीरावांच्या पंगतीला असायचे, कुणाच्या आजीला चिमणाबाईसाहेबांनी स्वतःच्या हातानं कुंकू लावलेलं असतं, कुणाच्या माळ्यावरची गंजकी तलवार ‘तिकडूनच’ आलेली असते. आमच्या घराण्याचा राजवाड्याशी संबंध तुपापुरता. आजोबा कोठीवर कारकून होते आणि तुपाचा हिशेब लिहायचे. तो हिशेब जुळायचा की नाही यावर आमच्या भाऊबंदांत दोन तट आहेत; पण बाहेरच्यांपुढं दोन्ही तट आजोबांना ‘खासगीचे कारभारी’ म्हणतात. निकाल आधी लावायचा आणि पुरावे मागाहून गोळा करायचे, ही संशोधनाची पद्धत माझ्याकडे अशी वंशपरंपरेनं आलेली आहे.

तिचा उपयोग करायची संधी मात्र निवृत्तीनंतर आली. जानेवारी २०२३ मध्ये लक्ष्मी विलास पॅलेसच्या आवारात ‘२१ गन सॅल्यूट’ नावाचं जुन्या मोटारींचं मोठं प्रदर्शन भरलं. १८९० साली बांधून झालेला तो राजवाडा, समोर हिरवळ, हिरवळीवर रोल्स-रॉइस आणि बेंटली. मी आयुष्यात एकच मोटार चालवली, मारुती ८००, आणि तीसुद्धा मागं घ्यायची असेल तर सौभाग्यवती खाली उतरून हातवारे करायच्या. पण तिथं हॅट घातलेले एक गृहस्थ भेटले आणि त्यांनी मला बिघडवलं. ते म्हणाले, लाखानं निघालेल्या गाड्यांत काय आहे? खरी गंमत प्रोटोटाइपमध्ये. काढायची की नाही हे ठरण्याआधी कंपनी चाचणीसाठी जी एखाददुसरी करते, ती. काम झालं की बहुतेक वेळा कंपनीच ती मोडून टाकते. एखादी कुठंतरी निसटते आणि पन्नास वर्षांनी एखाद्या गोठ्यात सापडते.

“सापडते म्हणजे कुणाला?” मी विचारलं.

“ज्याची नजर तयार आहे त्याला,” ते म्हणाले आणि माझ्याकडे अशा काही नजरेनं पाहिलं की माझी जागच्या जागी तयार झाली.

घरी येईपर्यंत मी सुभानपुऱ्यातल्या प्रत्येक ताडपत्रीकडे संशयानं बघायला लागलो होतो. ज्यांना हा भाग माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, सुभानपुरा म्हणजे काही इतिहासाची खाण नव्हे. रिफायनरी, खत कारखाना, पेट्रोकेमिकल्स इथं नोकऱ्या करणाऱ्यांनी कर्ज काढून बांधलेल्या सोसायट्या, हाय टेन्शन रोड, संध्याकाळी सेवउसळीच्या गाड्यांभोवती गर्दी. मांडवी, रावपुरा, दांडिया बाजार इकडं इतिहास. आमच्याकडं पार्किंगवरून भांडणं. पण आमच्या मागच्या गल्लीत एका काकूंचा जुना बंगला होता, पुनर्विकासाला जायच्या बेतात असलेला. त्याच्या मागच्या पडवीत एक ताडपत्री होती, आणि तिच्याखालच्या वस्तूची उंची माझ्या कमरेएवढीसुद्धा नव्हती.

वॉचमननं विडीच्या बदल्यात ताडपत्री वर केली. खाली लाल रंगाची, लांब नाकाची, दोन माणसांची गाडी. छप्पर नाही, कंपनीचं नाव नाही, कसलंही चिन्ह नाही. बाँड पेपरवर लिहून दिल्यासारखा प्रोटोटाइप!

“साहेब,” वॉचमन हळूच म्हणाला, “आ गाडी तो रेसकोर्स पर दोडेली छे.”

माझ्या अंगावर काटा आला. हे वाक्य मी वहीत तारीख घालून, अवतरणचिन्हांत लिहून ठेवलं. या वाक्यानं पुढं जो घोळ घातला तो यथावकाश येईलच.

आता रीतसर बघायला गेलं तर गाडीच्या मालकीणबाईंना विचारायला हवं होतं. मी विचारायला गेलोही. पण मी सोसायटीचा खजिनदार. मी बेल वाजवली की आत टीव्हीचा आवाज बंद व्हायचा, पडदा हलायचा आणि दार उघडायचं नाही. दोन-तीनदा असं झाल्यावर मी समजून चुकलो की काकूंना गाडीचं गुपित राखायचं आहे. खरी कारणमीमांसा अशी की काकूंचा मेंटेनन्स थकला होता, हे माझ्याच वहीत होतं. पण ती वही वेगळी.

मग मी जगाच्या दिशेनं शोध सुरू केला. पहिला सिद्धांत पुण्याच्या भाच्याचा. फोटो बघून तो म्हणाला, “मामा, ही सॅन स्टॉर्म असणार.” ही आपल्याकडची खरीखुरी दोन आसनी स्पोर्ट्स गाडी. १९९८ साली लोकांपुढं आली, गोव्यात तयार व्हायची, बॉडी फायबरग्लासची, रेखाटन फ्रान्सच्या जेरार गोदफ्रुआचं (हे व्हेन्चुरी कंपनीच्या संस्थापकांपैकी एक), इंजिन रेनोचं, ११४९ सीसी, ताकद ६० अश्वशक्ती. दिसायला तीनशेच्या वेगानं निघाल्यासारखी आणि चालायला आपल्या रस्त्यांना मानवेल अशी, हा तिचा स्वभाव मला मनापासून आवडला. पण स्टॉर्मचं इंजिन पुढची चाकं फिरवतं. आमच्या गाडीत दोन सीटच्या मधून मागच्या चाकांपर्यंत शाफ्टचा उंचवटा गेला होता. भाचा बाद झाला. बाद झाल्याचा मला आनंदच झाला, कारण स्टॉर्म म्हणजे माहीत असलेली गाडी, आणि मला माहीत नसलेलीच हवी होती.

दुसरा सिद्धांत माझा. या गाडीचं बॉनेट साध्या गाडीसारखं उघडत नव्हतं. दिवे, मडगार्ड सगळं घेऊन अख्खं नाकच पुढं कलंडायचं. मी रात्री दोन वाजेपर्यंत जागून शोधलं. नाक कलंडणारी जगप्रसिद्ध गाडी कोणती? १९६१ ची जॅग्वार ई-टाइप! मी सौभाग्यवतींना उठवलं. त्या म्हणाल्या, “जॅग्वार सुभानपुऱ्यात कशाला येईल?” मी म्हणालो, “इंदूरला काय कमी आलं होतं?” आणि त्यांना यशवंतराव होळकरांची गोष्ट ऐकवली. तीसच्या दशकात होळकरांनी अमेरिकेच्या ड्यूसेनबर्गची चासी घेतली आणि लंडनच्या गर्नी नटिंगकडून तिच्यावर नारिंगी-काळ्या रंगाची बॉडी चढवून घेतली. तशी दुसरी गाडी नाही. आज ती अमेरिकेत गेलेली आहे आणि जिथं उभी राहते तिथं माणसं आवाज खाली आणून बोलतात. “मराठी माणसाची गाडी आहे ती,” मी म्हणालो. सौभाग्यवती म्हणाल्या, “होळकरांनी रात्री दोन वाजता महाराणींना उठवलं नसेल,” आणि कूस बदलली.

जॅग्वार सकाळी बाद झाली. तिच्या इंजिनात सहा सिलिंडर. आमच्या गाडीत बॉनेटखाली उंदरांचं घरटं काढल्यावर चारच निघाले. पण त्याच घरट्याखाली इंजिनवर ‘स्टँडर्ड-ट्रायम्फ’ ही ओतीव अक्षरं निघाली आणि माझा तिसरा, सर्वांत देखणा सिद्धांत जन्माला आला.

इथं ट्रायम्फ स्पिटफायरचा किस्सा सांगायलाच हवा. इटलीच्या जोव्हानी मिशेलॉत्तीनं ट्रायम्फसाठी ‘बॉम्ब’ या टोपणनावानं एक छोटी दोन आसनी गाडी करून दिली होती. कंपनीकडे पैसे नव्हते, म्हणून ती कारखान्यात एका कोपऱ्यात पडली. १९६१ मध्ये लेलँडनं ती कंपनी विकत घेतली, नवे साहेब पाहणीला आले आणि त्यांना एका कापडाखाली काहीतरी दिसलं. कापड ओढलं, गाडी पसंत पडली, आणि ऑक्टोबर १९६२ मध्ये लंडनच्या प्रदर्शनात स्पिटफायर म्हणून ती लोकांपुढं आली. १९८० पर्यंत तीन लाखांवर स्पिटफायर निघाल्या. म्हणजे बघा: प्रोटोटाइप कापडाखाली सापडतो, आमची गाडी ताडपत्रीखाली सापडली, दोन्हींत इंजिन ट्रायम्फचं, दोन्ही दोन आसनी, दोन्हींचं नाक पुढं कलंडतं. मिशेलॉत्तीनं एकाऐवजी दोन केल्या नसतील कशावरून?

या सिद्धांताच्या आड येणारे पुरावे मी एकेक करून वळवून घेतले. दिव्याच्या काचेवर ‘लुकास-टीव्हीएस’ होतं. ती कंपनी मद्रासची. मी लिहिलं, ‘दिवा मागाहून बदललेला.’ वेगमापक मैलांऐवजी किलोमीटरचा होता. मी लिहिलं, ‘युरोपच्या बाजारासाठी केलेली आवृत्ती असावी.’ स्टीअरिंग उजवीकडे होतं, म्हणजे युरोपची आवृत्ती टिकत नव्हती. तेव्हा मी लिहिलं, ‘इंग्लंडमध्ये चाचणीसाठी उजवीकडे घेतलेले.’ खत कारखान्यात तीस वर्षं हिशेब लिहून ताळेबंद जुळवायची सवय लागते. जुळत नसेल ते ‘इतर’मध्ये टाकायचं.

ब्रिटिश मोटारींच्या जुन्या नोंदवह्या इंग्लंडमध्ये गेडन इथल्या संग्रहालयात जपून ठेवलेल्या आहेत. चासीचा नंबर कळवला आणि फी भरली की गाडी कोणत्या तारखेला बनली, रंग कुठला होता, कुणाकडे रवाना झाली, याचा दाखला मिळतो. आमच्या गाडीच्या पट्टीवर रंगाचे थर होते. ते मी घरातल्या भांडी घासायच्या चोथ्यानं खरवडले आणि जे अंक दिसले ते, जे दिसले नाहीत ते अंदाजानं, कळवले. तिकडून चार ओळींचं सभ्य उत्तर आलं: अशा नंबरची गाडी आमच्या वह्यांत नाही. आता सरळ माणूस इथं थांबला असता. मी उडी मारली. वह्यांत नाही म्हणजेच प्रोटोटाइप! वहीत नोंद होते ती विकायच्या गाड्यांची.

त्याच दिवशी संध्याकाळी मी ‘संशोधन टिपण’ लिहून काढलं. मिशेलॉत्ती, बॉम्ब, कापड, १९६१, आणि शेवटी ठळक अक्षरांत, ‘प्रत्यक्षदर्शी सूत्रांनुसार गाडी रेसकोर्सवर धावलेली आहे.’ टायपिंगवाल्याकडे साधा कागद संपला होता, म्हणून त्यानं लग्नपत्रिकांचा उरलेला जाडसर पिवळट कागद वापरला. खाली मी सही केली, आणि सही उघडीबोडकी वाटायला लागली म्हणून खजिनदाराच्या खणातून सोसायटीचा गोल शिक्का काढून मारला. शिक्का थोडा तिरका बसला, नाव वाचता येईना, पण त्यामुळं कागदाला एक प्रकारचं वजन आलं. घरी येताना त्यावर चहा सांडला. तो कागद फायलीत घातला तेव्हा मलाच त्याच्याबद्दल आदर वाटला.

हा डोलारा कोसळायला गोरव्याच्या एका उस्तादाला साधारण तितकाच वेळ लागला जितका पान थुंकायला लागतो. त्यांनी बॉनेट उघडलं नाही, इंजिन बघितलं नाही. खाली वाकून मागची चाकं बघितली आणि उठले.

“हेराल्ड,” ते म्हणाले.

स्टँडर्ड हेराल्ड! ज्यांनी साठ-सत्तरच्या दशकात हिंदुस्थानात डोळे उघडले त्यांना ही गाडी सांगायला नको. रस्त्यावर तेव्हा ॲम्बॅसेडर, फिॲट आणि ही, एवढ्याच काय त्या. मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सनं १९६१ पासून ती इथं काढली. मूळ इंग्रजी गाडी १९५९ ची आणि तिचं रेखाटनही मिशेलॉत्तीचंच, तेव्हा मी अगदीच चुकीच्या घराण्यात शिरलो नव्हतो, शेजारच्या खोलीत होतो. हेराल्डच्या मागच्या चाकांना आडवा पाटा आणि ती विशिष्ट रचना, त्यामुळं गाडी जॅकवर उचलली की मागची चाकं गुडघे जुळवल्यासारखी आत वळतात. उस्तादांनी तेच बघितलं होतं. नाक पुढं कलंडणं हेही हेराल्डचंच लक्षण. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, ज्या काळात बहुतेक गाड्यांची बॉडी आणि सांगाडा एकजीव होऊ लागले होते त्या काळात हेराल्डची चासी वेगळी होती, बॉडी तिच्यावर बोल्टांनी बसवलेली. बोल्ट काढा, बॉडी उतरवा, हवी ती चढवा. खुद्द स्पिटफायर म्हणजे हेराल्डचीच चासी आखूड करून तिच्यावर चढवलेला डौल.

“आणि वरची बॉडी?” मी खालच्या आवाजात विचारलं.

उस्तादांनी बोटाच्या पेरानं टकटक केलं, कान लावला. “नीचे हेराल्ड, ऊपर टंकी.”

टंकी म्हणजे पाण्याची टाकी. ते खरंच म्हणत होते. फायबरग्लास तेच, जाडी तीच. ड्रायव्हरच्या सीटमागचा सुंदर गोल बाक, ज्याला मी टिपणात ‘इटालियन वळण’ म्हटलं होतं, तो बाथटबच्या साच्यातून निघालेला होता. पाणी जायचं भोक बुजवल्याची खूणही त्यांनी दाखवली.

मी हार मानायला हवी होती. पण मला दरवाजाच्या आतल्या बाजूला फायबरग्लासच्या थरात चिकटलेला वर्तमानपत्राचा तुकडा दिसला. बॉडी ओतताना कुणीतरी साच्याला कागद लावला असणार, तो निघाला नाही. गुजराती अक्षरं, तीही अर्धी. ‘सिंगतेल’ एवढं स्पष्ट वाचता येत होतं आणि पुढं भावाची तक्रार. जगात मोटारींचं वय चासीच्या नंबरावरून काढतात, काचेवरच्या तारखेवरून काढतात. शेंगदाण्याच्या तेलाच्या भावावरून काढणारा मी पहिलाच असेन.

मध्यवर्ती ग्रंथालयात जाऊन बसलो. सयाजीरावांनी अमेरिकेहून विल्यम बॉर्डनला बोलावून १९१० साली उभं केलेलं हे ग्रंथालय, पुस्तकांच्या मजल्यांना काचेची जमीन. सामान्य माणसाला वाचायला मिळावं म्हणून महाराजांनी एवढा खर्च केला, आणि मी तिथं तेलाच्या डब्याच्या किमती उतरवून घेत होतो. पण त्या फायलींत रमलो मात्र. १९७३ च्या शेवटाकडं सगळी पानं तेलानं तुपकट झाल्यासारखी. भाव, टंचाई, वसतिगृहांच्या मेसचं बिल, मोर्चे. मग १९७४ चं नवनिर्माण आंदोलन, आणि फेब्रुवारीत चिमणभाई पटेलांचा राजीनामा. माझा तुकडा याच हंगामातला. म्हणजे १९६१ नाही, मिशेलॉत्ती नाही. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी तेलाची कोंडी केली, पेट्रोलचे भाव भडकले, जगभर मोठ्या मोटारींच्या कंपन्या डोक्याला हात लावून बसल्या, आणि नेमक्या त्याच मुहूर्तावर बडोद्यात कुणीतरी स्पोर्ट्स कार ओतायला घेतली होती! या माणसाबद्दल मला एकदम जिव्हाळा वाटला. धंद्याची अशी वेळ साधणारी माणसं आमच्या घराण्यातही होऊन गेली आहेत.

तो माणूस कोण, हे कळायला मात्र मेंटेनन्स कारणी लागला. पुनर्विकासवाल्यानं थकबाकी भरून टाकली आणि मी पावती द्यायला गेलो. पहिल्यांदाच काकूंनी दार उघडलं. पावती नीट वाचून कनवटीला लावली, मग पाणी दिलं, मग चहा, मग लिलो चिवडा, आणि मग मी काही विचारायच्या आत म्हणाल्या, “ती पडवीतली गाडी उचलायला माणूस बघा हो कुणी. भाऊजींची आहे.”

भाऊजी म्हणजे त्यांचे धाकटे दीर. कलाभवनात शिकलेले (तेच, सयाजीरावांनी १८९० मध्ये काढलेलं, जिथं दादासाहेब फाळकेही शिकून गेले), गोरव्याला टाक्या करायची शेड. “त्यांच्या डोक्यात इचलकरंजी होती,” काकू म्हणाल्या. “कुलकर्ण्यांनी केली तर आपण का नाही, एवढंच धरून बसायचे.”

मी चहाचा कप खाली ठेवला. इचलकरंजीचे शंकरराव कुलकर्णी! कोव्हेन्ट्री, तुरीन आणि मद्रास हिंडून आलो आणि मराठी मुलखातला खराखुरा प्रोटोटाइप माझ्या डोक्यातच आला नव्हता. शंकररावांकडे इंजिनिअरची पदवी नव्हती. १९४५ मध्ये त्यांनी छोट्या, सामान्य माणसाला परवडेल अशा मोटारीचा ध्यास घेतला. १९४९ मध्ये पहिली ‘मीरा’ रस्त्यावर आली, दोन माणसांची. थांबले नाहीत. एकामागून एक सुधारलेली रूपं काढत १९७० च्या सुमाराच्या मीरापर्यंत आले: इंजिन मागं, आणि सस्पेन्शनला लोखंडी पाट्यांऐवजी रबर. किंमत बारा हजार रुपयांच्या घरात ठेवायचा इरादा होता. पंचवीस वर्षं एक माणूस एका गावात बसून एकच मोटार पुन्हापुन्हा करतोय! कारखान्याचा परवाना काही मिळाला नाही. डिसेंबर १९८३ मध्ये देशाला छोटी मोटार मिळाली ती मारुती ८००. म्हणजे मी हातवाऱ्यांवर मागं घ्यायचो ती. मीराच्या गाड्या शोधायला मी नंतर इचलकरंजीलाही जाऊन आलो. रिक्षावाल्यानं “मीरा ना? माहितीये की!” म्हणत मला एका शिवणक्लासच्या दारात उतरवलं. तो अध्याय इथंच सोडतो.

“मग भाऊजींची गाडी चालली का कधी?” मी काकूंना विचारलं.

“चालली की. एकदा. नवी बॉडी बसवली तेव्हा शेडवरून काढली, माझ्यासाठी औषध आणायला म्हणून रेसकोर्सवर गेले. मेले लोकांनी एवढी गर्दी केली! येताना पेट्रोल संपलं. चार पोरांनी ढकलत आणली.”

रेसकोर्स म्हणजे आमचा रेसकोर्स सर्कलचा भाग. दवाखाने, बँका, केमिस्ट. घोडे धावले असतील ते गायकवाडांच्या काळात. मी हळूच वही काढली आणि वॉचमनचं ते अवतरणचिन्हांतलं वाक्य बघितलं. शब्दशः बरोबर होतं.

पुढं भाऊजींनी नोंदणीचा प्रयत्न केला. कागदावर हेराल्ड, दारात उभं भलतंच. तपासणी करणारे गृहस्थ गाडीभोवती फेरी मारून म्हणाले म्हणे, की यात चारातले दोन पॅसेंजर कुठं गेले ते आधी सांगा. तोवर पेट्रोल आणखी महागलं आणि टाक्यांना मागणी वाढली. भाऊजींनी साचा टाक्यांच्या कामाला परत लावला. गाडी बंगला बांधला तेव्हा पडवीत आली आणि तिच्यावर ताडपत्री पडली. मला वाटतं, जगातल्या बऱ्याच प्रोटोटाइपांचा इतिहास इतकाच असेल. फक्त त्यांना काकू भेटलेल्या नसतात.

गाडी उचलायला भंगारवाला आला. त्यानं फायबरग्लास वाजवून बघितलं आणि उलट आपल्यालाच पैसे मागितले. शेवटी लग्नात नवरदेवाला मिरवायला बग्ग्या, घोडे आणि जुन्या मोटारी पुरवणारा एक इसम तयार झाला. खाली ट्रॅक्टरचं काहीतरी घालून ढकलत नेली तरी चालणार होती, कारण वरघोड्यात कुणी वेगानं जात नाही. काकू म्हणाल्या, कागदपत्रं हवीत तर असतील त्या पेटीत, सगळी घेऊन जा. तो सगळी घेऊन गेला. माझी फाईल तेव्हा काकूंच्याच टेबलावर होती, चिवड्याच्या ताटलीखाली. भाऊजींचा खरा इतिहास मी त्यानंतर व्यवस्थित लिहून काढणार होतो. पण उन्हाळा लागला, सोसायटीचं ऑडिट आलं.

गेल्या दिवाळीत पुण्याहून एका गृहस्थांचा फोन आला. अत्यंत शांत, अभ्यासू आवाज. त्यांनी जुनी दुर्मीळ स्पोर्ट्स मोटार घेतली होती, मधल्या दोन मालकांकडून फिरत आलेली, आणि सध्या तिच्या पूर्वेतिहासावर काम चालू होतं. बडोद्याकडचा एकच अस्सल कागद हाती लागला आहे, ते म्हणाले. जुना, हाती बनवलेल्या कागदासारखा, पिवळा पडलेला. त्यावर कसल्यातरी संस्थेची गोल मुद्रा आहे, बहुधा संस्थानी खात्याची. रेसिंगचा स्पष्ट उल्लेख आहे. ओलीचा डाग आहे. पुरात भिजला असावा. सही लागत नाही, पण आडनावावरून तुमच्या घराण्यातल्या कुणाची वाटते. आपले कुणी राजवाड्याच्या सेवेत होते का?

“आजोबा,” मी म्हणालो. “खासगीचे कारभारी.”

तोंडातून निघून गेलं. त्यांचा श्वास मला पुण्याहून ऐकू आला. मग मी भानावर आलो आणि सगळं सांगितलं: हेराल्ड, टाक्या, सिंगतेल, रेसकोर्सवरचा केमिस्ट, लग्नपत्रिकेचा कागद, चहा. गृहस्थांनी ते शांतपणे ऐकून घेतलं. शेवटी म्हणाले की मौखिक परंपरेत अशा दंतकथा तयार होतात, पण आपण लेखी पुराव्याला धरून चाललेलं बरं. मुद्रेचा स्वच्छ ठसा असलेली दुसरी प्रत कुठल्या दप्तरात मिळू शकेल का?

मी म्हणालो, दप्तर माझ्याकडेच आहे, पण नियमाप्रमाणे सभासदाशिवाय नक्कल देता येत नाही. त्यांनी विचारलं, सभासद व्हायला काय लागतं? मी सांगितलं, सुभानपुऱ्यात फ्लॅट आणि वेळेवर मेंटेनन्स. ते लिहून घेत होते.